सतरावी ओळ

प्रिय ताई,

परवा तुझ्या सूनबाईंशी फोनवर बोललो. म्हणाल्या, "सासूबाई फोनवर येत नाहीत. कान शाबूत आहेत, पण म्हणतात, जन्माला पुरेल एवढं फोनवर बोलून झालंय." मी एवढ्या मोठ्यानं हसलो की त्या बिचाऱ्या दचकल्या. मग त्यांनीच सुचवलं, पत्र लिहा, पत्र त्या दोनदा वाचतात आणि उशीखाली ठेवतात. म्हणून हा उद्योग. जन्मभर तारांवर पोट भरलेला माणूस आज शाईचं पेन घेऊन बसलाय. अक्षर अजून तेच आहे, कोंबडीनं चालून गेल्यासारखं. चष्मा पुसून घे आणि सावकाश वाच.

आधी खुशाली. माझे गुडघे वाजतात, बाकी ठीक. आमची ही ठणठणीत आहे. माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पुरे" म्हणण्याइतकी ताकद तिच्यात अजून आहे. कारखाना थोरला बघतो. सभागृहांचे माईक, शाळांचे भोंगे, न्यायालयातले हेडफोन, सगळं आम्ही बनवतो. बेचाळीस माणसं कामाला आहेत. सत्कारबित्कार होतात, लोक भाषणात म्हणतात, शून्यातून वर आला, कोणाचा हात न धरता आला. मी मान डोलावतो. सत्कारात मान डोलवायचीच असते. पण दर वेळी हाराखाली माझी मान खाजते, आणि का खाजते ते या जगात तुला एकटीला माहीत आहे.

तुला आठवतं का, मी टेलिफोन एक्स्चेंजच्या कँटीनमध्ये कपबश्या विसळायचो? एकवीस वर्षांचा घोडा, शिक्षण आठवीपर्यंत, तेही मास्तरांना दया आली म्हणून. तू चहाला आलीस आणि वरच्या मजल्यावर घंटी वाजली. मी कप विसळता विसळता म्हणालो, "ही तुमच्या बोर्डाची नाही, चार नंबरची आहे." तू वर जाऊन बघून आलीस. दुसऱ्या दिवशी मला भिंतीकडे तोंड करून बसवलंस आणि सहा घंट्या एकामागून एक वाजवल्यास. सहाही बरोबर. तिथेच माझं नाव ससा पडलं. मग तू साहेबांच्या इतकी मागे लागलीस की मला बोर्डावर बसवणं त्यांना सोपं वाटलं. ते आपले साहेब, दिवसभर एकाच सुरात गुणगुणायचे म्हणून आपण त्यांना डायलटोन म्हणायचो ते! वारले गेल्या वर्षी. मी गेलो होतो. शेवटपर्यंत गुणगुणत होते म्हणे.

बोलायला तू शिकवलंस. "बोलताना हस. हसू तारेतून जातं." आणि दुसरा धडा: "जोडून दिलं की कान काढून घ्यायचा. दुसऱ्याचं बोलणं म्हणजे दुसऱ्याचं ताट, त्यात डोकवायचं नाही." हे दोन धडे मी आजही कामावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला देतो, तुझ्या नावानं. पहिला धडा मी कुठे वापरला, ते मात्र सांगत नाही.

तर आता बातमी. आमच्या गावच्या ग्रंथालयात एक फिरतं प्रदर्शन आलंय. नऊ लाकडी पेट्यांतून येतं, महिनाभर राहतं आणि पुढच्या गावाला जातं. विषय ऐकून तुझा हात थांबेल. त्या देशात त्या वर्षी एका समाजाला घराघरातून वेचून मारत होते, तेव्हाचं ते आहे. पण मारणाऱ्यांबद्दल त्यात फार थोडं. ते आहे बाकीच्यांबद्दल. लांबच्या गावांतल्या, दुसऱ्या देशांतल्या साध्या माणसांना तेव्हा काय माहीत होतं आणि त्यांनी काय केलं, एवढाच प्रश्न. एका वर्तमानपत्राचं पान आहे, त्यात हजारो माणसं मेल्याची बातमी दाढीच्या ब्लेडच्या जाहिरातीखाली बोटभर जागेत. एका मंत्र्याचं निवेदन आहे, "परिस्थितीवर आमचं लक्ष आहे." त्याच्याच शेजारी एका बंदरातल्या हमालांचा फोटो, तिकडे शस्त्रं नेणारं जहाज त्यांनी भरलं नाही, नऊ दिवस हाताची घडी घालून धक्क्यावर बसून राहिले. एका शाळेतल्या पोरींनी लिहिलेली दोनशे पत्रं आहेत. उत्तर एकाचंच आलेलं.

शेवटचा फलक मात्र कोरा असतो. वर नुसतं लिहिलेलं, "आणि आपल्या गावात?" तो ज्या त्या गावानं भरायचा. आमच्या ग्रंथपालबाई म्हणजे चष्मा डोक्यावर ठेवून टेबलावर शोधणाऱ्या, पण कामाला वाघीण. त्यांनी दारावर सूचना लावली, कोणाकडे त्या वेळचं काही असेल तर आणा. आठ दिवस कोणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी घड्याळजींची मुलगी बिस्किटांचा डबा घेऊन आली. डब्यात कॅसेट होत्या.

घड्याळजी. चौकातल्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचे, त्या समाजाचा गावातला एकुलता एक माणूस. आपल्याला त्यांचा चेहरा नीट माहीत नव्हता, आवाज माहीत होता. रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.

ऐकण्याच्या खोलीतले हेडफोन ग्रंथालयाला मीच दिले. आणि तू जाणतेस, मी दिलेली वस्तू मी स्वतः कानाला लावल्याशिवाय सोडत नाही. खुर्चीवर बसलो, कळ दाबली. आधी खरखर आली. मग एक लहानसा आवाज, टक्‌-टक्‌, दुहेरी. ताई, मी मागे जाऊन तेवढंच परत ऐकलं. आपल्या नऊ नंबरच्या बोर्डाची ती सैल स्प्रिंग! प्लग घातला की दोनदा वाजायची. साऱ्या जगात तसा आवाज करणारं भोक एकच होतं. त्यानंतर एक तरणा, लोण्यासारखा आवाज आला, "माफ करा, लाईन नादुरुस्त आहे. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा." हसू तारेतून येत होतं. पंचेचाळीस वर्षांनीही ऐकू येत होतं.

घड्याळजी आपला प्रत्येक कॉल टेप करत होते. का, ते मला आता कळलं. गावात कोणाला सांगितलं तर लोक म्हणायचे, लाईन खराब असेल हो, सरकार कशाला अडवेल? म्हणून पुरावा. अकरा दिवस, अकरा वेळा, तेच वाक्य, तोच मी.

तू म्हणशील, आदेश होता. होता. तिकडच्या सरकारशी आपलं गूळपीठ होतं, आणि डायलटोन साहेब बोर्डामागे उभं राहून हळूच म्हणाले होते, "तिकडचे कॉल जोडायचे नाहीत. नादुरुस्त म्हणून सांगायचं. लेखी मागू नका." त्या देशाची लाईन फक्त नऊ नंबरवर होती आणि नऊ नंबरवर मी होतो. पण एक गोष्ट आदेशात नव्हती. घड्याळजींना "करून पाहिलं" असं सांगता यावं म्हणून मी प्लग खरंच घालायचो. पलीकडे घंटी वाजायची, स्वच्छ. अकराव्या दिवशी कोणीतरी उचलला. बाईचा आवाज. "हॅलो? हॅलो? कोण आहे?" मी कॉर्ड उपटली. आणि घड्याळजींना म्हणालो, लाईन नादुरुस्त आहे. हसून म्हणालो.

तू आठ नंबरवर होतीस. तुला दिसलं होतं. तेव्हा काही बोलली नाहीस, नंतरही कधी नाही. दुसऱ्या दिवशी आलीस आणि म्हणालीस, "ससा, उठ. आठ नंबरवर खिडकीचं ऊन येतंय, माझं डोकं दुखतं. तू तिकडे बस." त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, ताई. ऊन नावालाही नव्हतं. तीन दहाला दिवा लागला. टक्‌-टक्‌. आणि तुझा आवाज, "बोला, लाईन दिली आहे."

तो कॉलही टेपवर आहे. बावीस मिनिटं. पलीकडे घड्याळजींची बहीण. एका शाळेत लपलेली एकतीस माणसं. ती म्हणाली, नावं लिहून घे आणि मदत संस्थेला कळव. ज्यांची नावं बाहेर गेली त्यांना गुपचूप मारणं जड जातं. लाईन एवढी खरखरत होती की घड्याळजींना काही ऐकू जाईना. मग तू मधे पडलीस. ती एक नाव सांगणार, तू ते मोठ्यानं पुन्हा म्हणणार, मग पुढचं. नाव आणि धंदा, नाव आणि वय. परक्या भाषेतली नावं, पण तू एकही अडखळली नाहीस. कान काढून घ्यायचा हा तुझाच नियम, आणि तूच त्यात दोन्ही कानांनी बसलीस.

आता माझं ऐक, हे तुला माहीत नाही. टेप ऐकून मी हेडफोन काढला तेव्हा ग्रंथपालबाईंनी विचारलं, "कसं आहे?" मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "सुरुवातीची अकरा वेळची कटकट काढून टाकू. लोक कंटाळतील. मी घरी नेऊन साफ करून देतो." त्या म्हणाल्या, तुम्ही जाणकार, तुम्हाला ठीक वाटेल तसं करा. बघ, पंचेचाळीस वर्षांनंतरही ससा बिळाकडेच पळाला. घरी यंत्रावर टेप लावली. एक कळ दाबली की माझा आवाज नाहीसा आणि गावाच्या फलकावर उरली असती फक्त तुझी हाक. गावाला अभिमान, मला आराम. आमची ही भाजी निवडत होती, म्हणाली, "कोण हा एवढा गोड खोटारडा?" तिनं परत ऐकलं आणि सुरी खाली ठेवली. "अगबाई! लग्नाआधी मला फोन करायचास तोच आवाज." मी सगळं सांगितलं. वाटलं, आता बरसेल. तिनं एवढंच विचारलं, "आणि त्या बाईंनी तुझी चहाडी केली नाही?" नाही म्हणालो. "मग ती टेप आहे तशी परत दे. आणि पुरे." यावेळचं तिचं पुरे फार कामाचं होतं.

चहाडी. तिकडचा कॉल जोडला गेल्याचं वर कळलं, तो चौकशीचा दिवस आठवतोय? ड्युटीच्या तक्त्यावर नऊ नंबरला माझं नाव होतं. तू गप्प राहिली असतीस तर माझी रवानगी परत कपबश्यांकडे, नाहीतर त्याहून वाईट. तू सरळ म्हणालीस, "मी होते. जागा मी बदलून घेतली. त्याला माहीत नाही." मग साहेब माझ्याकडे वळले. "तू शेजारी होतास. काय ऐकलंस?" मी म्हणालो, "काही नाही साहेब." "तुझ्या कानांनी काही नाही?" "काही नाही." अख्ख्या एक्स्चेंजमधला सगळ्यात तिखट कान, आणि त्यानं काही ऐकलं नाही! तुला तळघरात टाकलं, जुन्या डिरेक्टऱ्यांच्या ढिगात, चौदा वर्षं. तुझी खुर्ची मला मिळाली. त्या खुर्चीवरून ओळखी झाल्या, ओळखीतून दुकान, दुकानातून कारखाना. जाताना तू स्वतःचा हेडफोन माझ्या हातात ठेवलास. "घे. स्पंज नवा लावलाय, कान दुखायचा नाही." एक टोमणा मारला असतास तर मी सुटलो असतो. तो हेडफोन उघडून बघूनच मी माझा पहिला हेडफोन बनवला, ताई. आजही तो कारखान्यात काचेत आहे. लोक विचारतात कुणाचा, मी म्हणतो माझ्या थोरल्या बहिणीचा.

दुसऱ्या दिवशी टेप जशीच्या तशी घेऊन ग्रंथालयात गेलो. घड्याळजींची मुलगी तिथेच फलकावर नावं चिकटवत होती. पन्नाशीला आलेली, शाळेत गणित शिकवते. मी म्हणालो, "तो अकरा वेळचा आवाज माझा आहे." तिनं हातातला डिंक बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाबा म्हणायचे, तो मुलगा खोटं बोलतो, पण शेवटच्या शब्दाला त्याचा श्वास अडकतो. टिकटिक बिघडली की मला कळते. म्हणून मी रोज करतो फोन. आज ना उद्या हाच जोडून देईल." त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मीच मन बदलून फोन तुझ्याकडे दिला. मी म्हणालो, नाही. मी नाही दिला. तिनं मला माफ केलं असं नाही म्हणवत. खुर्ची मात्र पुढे केली.

मग तिनं सांगितलं ते तुला सांगायला मी केव्हाचा उतावळा झालोय. तू तळघरात गेलीस आणि त्या नावांचं पुढे काय झालं हे तुला कोणी सांगितलंच नाही. आपल्या गावच्या वर्तमानपत्रानं ती छापली नाहीत. पण घड्याळजींनी टेप ऐकून केलेली यादी परदेशातल्या मदत संस्थेला पोचली, त्यांनी ती नावं चारी दिशांना गाजवली, आणि एकतीसपैकी नऊ जण जिवंत बाहेर आले. बहीण आली नाही. बहिणीची तीन वर्षांची लेक आली. तुझ्या आवाजातलं बाविसावं नाव. तीच ही गणिताची बाई, मामाला बाबा म्हणत मोठी झालेली.

पण यादी पुरी नव्हती. तेराव्या नावानंतर कॅसेटची बाजू संपली. घड्याळजींनी हातानं काही लिहिलं नव्हतं. जन्मभर यंत्रं दुरुस्त करणाऱ्यानं त्या दिवशी यंत्रावरच सगळा भार टाकला होता. कॅसेट उलटायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागली, झाकण अडकलं होतं म्हणे. टेप पुन्हा सुरू होते ती अठराव्या नावाला. मधली चार गेली. घड्याळजी मरेपर्यंत ती आठवत बसले होते; लाईन देणारी बाई कोण, हे एक्स्चेंजनं त्यांना कधी सांगितलं नाही. फलकावर एकतीस ओळी आहेत आणि चौदा ते सतरा कोऱ्या.

ताई, मी ऐकलं होतं. आठ नंबरवर बसून मी शेजारच्या बोर्डाची लाईन ऐकायची कळ दाबून धरली होती, पहिल्या शब्दापासून. आणि जे ऐकलं नाही म्हणून सांगितलं, तेच नेमकं माझ्या कानातून कधी गेलं नाही. चौदावा एक म्हातारा सुतार, पंधरावा त्याचा जावई, सोळावा त्या शाळेत घंटा वाजवणारा शिपाई. नावं मी तिला म्हणून दाखवली, तू म्हणालीस त्याच चालीवर. तिनं एकेक लिहिलं, एकेक परत म्हटलं. अक्षर सुरेख. मग पेन तसंच धरून म्हणाली, "आणि सतरावं?"

सतरावं मला येत नाही. त्याच वेळी जिन्यावर डायलटोन साहेबांच्या बुटांचा आवाज आला आणि माझा कान तिकडे गेला. एवढे तिखट कान, पण ऐनवेळी ते साहेबांच्या पायाशी!

तिनं पेन खाली ठेवलं. मग डोळे पुसून तिनं सांगितलं की तिला त्या शाळेत लपलेल्यांपैकीच एका बाईनं पाठीशी बांधून दोन दिवस चालत सीमेपलीकडे आणलं. तिथे उतरवलं, कपाळावर हात ठेवला, आणि उरलेल्यांना आणायला ती बाई माघारी गेली. परत आली नाही. ते नाव शोधण्यात हिची पंचवीस वर्षं गेली. सत्तावीस नावांमागची माणसं तिला सापडली, त्यांत ती बाई नाही. माझी तीन नावं, तिन्ही पुरुष. म्हणजे सतरावी ओळ तिचीच आहे.

पत्र का लिहिलं ते आता तुला कळलं. आभार मानायचे होतेच, ते मी तुझ्या दारात येऊन मानीन, पाय धरून मानीन, तू शिव्या घातल्यास तरी मानीन. ग्रंथपालबाईंना फलकावर तुझं नाव घालायला तुझी परवानगी हवी आहे. माझं त्यांनी अकरा वेळच्या आवाजासमोर घातलंय, मीच घालायला लावलं. पण त्याहून मोठं मागणं हे. ते नाव त्या दिवशी तुझ्या तोंडून गेलंय. लाईन खरखरत होती, म्हणजे कदाचित दोनदा गेलं असेल. आज या पृथ्वीवर ते कुठे शिल्लक असेल तर तुझ्याजवळ. डोळे मिटून बघ, चौदाव्यापासून म्हणत ये. सोबत तिन्ही नावं वेगळ्या कागदावर लिहून घातलीत, त्यांच्या धक्क्यानं पुढचं येईल. नाही आलं तरी अपराधी वाटून घेऊ नकोस, तो माझा प्रांत आहे. पुढच्या रविवारी सकाळी मी आणि ती तुझ्याकडे येतोय, ओळ तशीच कोरी ठेवून. बोल, ताई. लाईन दिली आहे, आणि या खेपेला मी कान काढून घेणार नाही.

तुझाच,
ससा